माशी कुठे शिंकली: कराडच्या एका मुलीला इंग्लंडहून उत्तर

तुझा निरोप मिळाला. कराडला प्राणिशास्त्रात एमएस्सी झालीयस, फॉरेन्सिक एंटोमॉलॉजीच (शवावरच्या किड्यांवरून गुन्ह्याचा तपास) करायचीय, त्यासाठी इंग्लंडला एक वर्षाच्या मास्टर्सला यायचा विचार आहे, बाबा कर्ज काढायला तयार आहेत आणि आई म्हणते, मढ्यावरचे किडे बघायला एवढ्या लांब कशाला जायचं. शेवटी एका ओळीत विचारलंयस, "ताई, आम्ही शाकाहारी आहोत, डुकराला हात लावावा लागेल का?"

शेवटून सुरुवात करते. हो, लागेल. ब्रिटनमध्ये माणसाचं शव उघड्यावर ठेवून अभ्यास करायची सोय नाही. तसली केंद्रं अमेरिकेत आहेत, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचं सगळ्यात प्रसिद्ध, आणि सिडनीजवळ 2016 पासून एक आहे. इथे मेलेलं डुक्कर वापरतात, तेही परवानगी असलेल्या जागेवर आणि जाळीच्या पिंजऱ्यात, नाहीतर कोल्हे पाय ओढून नेतात. मीही सदाशिव पेठेतल्या शाकाहारी घरातलीच. पहिल्या दिवशी तासाभरात निळ्या माश्या आल्या आणि नाकपुड्यांत, डोळ्यांच्या कडांना अंडी घालून गेल्या. ओला नारळ खोवून चिमूटभर ठेवावा तशी दिसतात. तेव्हापासून मला नारळाची बर्फी जात नाही, बाकी सगळं जातं. वासाची सवय होते असं लोक सांगतात, मला झालेली नाही. केस घट्ट बांधायचे आणि त्या कपड्यांत बसमध्ये चढायचं नाही, एवढंच हातात असतं. आमच्या आईने फोनवर विचारलं होतं, "आंघोळ तरी करतेस ना घरात शिरताना?" करते.

आता कर्जाचं, कारण खरा प्रश्न तोच आहे. "फॉरेन्सिक एंटोमॉलॉजिस्ट" अशी पाटी लावलेली नोकरी या देशात जवळजवळ नाही. 2012 साली सरकारी फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिस बंद झाली आणि तपासणीची कामं बहुतेक खासगी प्रयोगशाळांकडे गेली. माश्यांच्या केसेस करणारी माणसं मुळात विद्यापीठात शिकवणारी किंवा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसारख्या ठिकाणची आहेत. पोलिसांचा फोन आला की ती जातात, एरवी आपलं नेहमीचं काम करतात. शिवाय पोलिसांच्या कामाला व्हेटिंग, म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी, लागतं आणि त्यात तुझं इथलं वास्तव्य बघतात, म्हणजे पदवी हातात पडली की लगेच गुन्ह्याच्या जागी, असं होत नाही. मी स्वतः विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. वर्षातला बराच वेळ माश्यांचे पिंजरे धुण्यात आणि तापमानाचे तक्ते भरण्यात जातो. पगार ठीक. पण इथल्या नोकरीवर कर्ज फेडीन असं गणित मांडून येणार असशील, तर येऊ नकोस.

फीखेरीज आरोग्याचा सरचार्ज सध्या विद्यार्थ्यांना वर्षाला 776 पौंड आहे. बारा महिन्यांच्या कोर्सचा व्हिसा थोडा जास्त मुदतीचा मिळतो, म्हणून 1,164 पौंड एकदम भरावे लागतात. तू पाठवलेल्या खर्चाच्या हिशेबात तो आकडा नव्हता. पदवीनंतरच्या व्हिसाचे नियम सारखे बदलताहेत, ते एजंटला विचारू नकोस, सरकारी संकेतस्थळावर वाच.

मग यायचं कशाला? पद्धत शिकायला. आणि हे नीट समजून घे, कारण मालिका बघून आलेल्या पोरांची माशी इथेच शिंकते. शवावरची अळी किती वाढलीय त्यावरून किती दिवस गेले ते कळतं, म्हणून अळी म्हणजे घड्याळ, असं सगळे म्हणतात. पण ते घड्याळ तापमानावर चालतं. प्रत्येक जातीचं एक किमान तापमान असतं, त्याच्या खाली वाढ थांबते. त्याच्या वरचे अंश आणि गेलेले दिवस यांचा गुणाकार करत बेरीज करायची. समज, एका माशीची वाढ 2 अंशांखाली थांबते आणि जागेवर सरासरी 12 अंश आहे, तर दिवसाला 10 अंश जमा होतात, 14 दिवसांत 140. सापडलेल्या अळीएवढी वाढ व्हायला 140 लागत असतील, तर अंडी 14 दिवसांपूर्वीची. ऐकायला पाचवीचं गणित. पण ते 12 अंश आणायचे कुठून? शव सापडलं ओढ्याच्या काठी सावलीत आणि हवामान केंद्र दहा किलोमीटरवर उघड्या माळावर. म्हणून त्या जागी काही दिवस तापमापक लावून ठेवतात, त्याचे आकडे केंद्राच्या आकड्यांशी ताडून बघतात आणि मग मागच्या दिवसांचा अंदाज सुधारतात. त्यातही अळ्यांचा लोळा स्वतःच तापतो. ऑक्टोबरातल्या एका सकाळी गवतावर दव होतं आणि पिंजऱ्यातून वाफ येत होती. बोटभर आत तापमापक घातला तर बाहेरपेक्षा चौदा अंश जास्त.

आणि एवढं करून मिळतं काय, तर माशीने अंडी कधी घातली ते. माणूस कधी मेला ते नाही. शव बंद खोलीत असेल, गाडीच्या डिकीत असेल, रात्र असेल, तर माशी उशिरा येते. हे वाक्य कोर्टात न अडखळता म्हणता येणं म्हणजे निम्मा विषय आला.

ब्रिटनमधली या शास्त्राची सगळ्यात नावाजलेली केस मुंबईच्या माणसाची आहे, हे तुला माहीत आहे का? डॉ. बक रक्स्टन, मूळचा मुंबईचा पारशी, मुंबईतच डॉक्टर झालेला, लँकेस्टरच्या डाल्टन स्क्वेअरमध्ये दवाखाना. सप्टेंबर 1935 मध्ये त्याने इझाबेला आणि घरात कामाला असलेली मेरी रॉजर्सन या दोघींचा खून केला. इझाबेला त्याची बायको म्हणून राहत होती. शवांचे तुकडे स्कॉटलंडमधल्या मॉफटजवळच्या घळीत सापडले, 29 सप्टेंबरला. ग्लासगो विद्यापीठाच्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी त्यावरच्या अळ्या बघून त्यांचं वय 12 ते 14 दिवस सांगितलं आणि ते जुळलं. पण खरं सांगू? पोलिसांना लँकेस्टरपर्यंत नेलं ते तुकडे गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने. त्याची ती आवृत्ती फक्त त्या भागात विकली गेली होती. अळ्यांनी दुजोरा दिला. रक्स्टनला मे 1936 मध्ये मँचेस्टरला फाशी झाली. त्या अळ्या अजून नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात जपून ठेवल्या आहेत.

त्या टिकल्या कारण कोणीतरी नीट ठेवल्या. पहिल्याच महिन्यात मी जिवंत अळ्या थेट अल्कोहोलच्या बाटलीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी काळ्या पडलेल्या, आक्रसलेल्या. लांबी मोजून उपयोग नाही, म्हणजे वयही गेलं. आधी उकळीला आलेल्या पाण्यात अर्धा मिनिट, मग 80 टक्के अल्कोहोल. थोड्या जिवंत ठेवून माशी होईपर्यंत वाढवायच्या, कारण अळीवरून जात ओळखताना भले भले चुकतात. सूक्ष्मदर्शकाखाली अळीचं मागचं टोक बघ: दोन तपकिरी बटणं दिसतील, ती श्वासरंध्रं. प्रत्येकात दोन चिरा असतील तर अळी दुसऱ्या अवस्थेत, तीन असतील तर तिसऱ्या. हे दिसायला लागलं की मजा येते.

सरावाला अळ्या इथे दुकानात मिळतात. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात दूध विकतात तशा पाइंटच्या मापाने, लाल रंगवलेल्याही. फक्त घरच्या सामायिक फ्रिजमध्ये ठेवू नकोस. माझ्या डब्याचं झाकण सैल राहिलं आणि घरमालकाने डिपॉझिटमधून सफाईचे पैसे कापले. डबा माझा होता, पण चार आठवड्यांच्या भाड्याएवढी सफाई मी आजवर पाहिलेली नाही.

आणि माश्यांच्या वाढीचे इथले आकडे तुझ्या कामाचे नाहीत. इथली निळी माशी थंडीची. कराडला येणार क्रायसोमाया मेगासेफाला, हिरवी-निळी, लालबुंद डोळ्यांची, आणि मागोमाग क्रायसोमाया रुफिफेसिस, जिच्या अंगावर काटे असलेल्या अळ्या दुसऱ्यांच्या अळ्याच खातात. त्यांची वाढ, किमान तापमान, पावसाळ्यातला फरक, हे आपल्याकडेच मोजावं लागेल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जाण्याची तरतूद आहे, राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत. मुंबईतल्या कलिन्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, मुंबईचीच इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन्सिक सायन्स, गांधीनगरचं राष्ट्रीय फॉरेन्सिक सायन्स विद्यापीठ आणि त्याचा गोव्यातला परिसर, ही नावं इंग्लंडच्या आधी तुझ्या यादीत हवीत. तिथे जमलं नाही किंवा पद्धत अपुरी वाटली तर इकडे ये.

यायचंच ठरलं तर विद्यापीठाला तीन गोष्टी लेखी विचार: उघड्यावरची जागा त्यांची स्वतःची आहे का, प्रबंधाला मार्गदर्शक कीटकांचाच माणूस आहे का, आणि माश्या उडतात त्या मे ते ऑगस्टमध्ये ती जागा तुला मिळेल का. नुसत्या "फॉरेन्सिक सायन्स"च्या कोर्समध्ये कीटकांचा वाटा दोन-चार व्याख्यानांपुरता असतो. इथल्या हिवाळ्यात माशी नसते, तेव्हा चार महिने तू बाटल्यांवरची लेबलंच लिहिणार आहेस.

तोवर हे कर. कोंबडीच्या दुकानातून टाकाऊ काळीज आण (हातमोजे घाल, आईला मी सांगते), गच्चीच्या कोपऱ्यात जाळीखाली ठेव, शेजारी कमाल-किमान तापमापक, आणि दर सहा तासांनी वहीत नोंद. रात्री दोनचीसुद्धा. दोन-दोन अळ्या गरम पाण्यातून अल्कोहोलमध्ये. दहा दिवसांनी वहीच्या पानांचे आणि त्या बटणांचे फोटो पाठव, मग कर्जाच्या फॉर्मबद्दल बोलू.