जुन्या वाड्याच्या चौकात ड्रेस्डेनसारखी नळ्यांची भिंत करता येईल का?

शहापुरातल्या वाड्याच्या चौकात जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधल्या निळ्या भिंतीसारखं, पावसाचं पाणी नरसाळ्या-नळ्यांतून खेळवणारं काम करायचं आणि चारही भिंती रंगवायच्या, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा. पण चित्रकाराला बोलावण्याआधी पाण्याचा हिशेब मांडा.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. चौकाकडे उतरणारं पाखं 8 बाय 5 मीटरचं असेल आणि तासाला 60 मिमीच्या जोराची सर आली, तर मिनिटाला 40 लिटर पाणी येतं. तेवढं सगळं नरसाळ्यांत सोडलं की बाहेर उडून भिंतच भिजवतं. म्हणून पन्हळीला दोन वाटा ठेवा. तळाला 25 मिमीचं भोक, ते चित्रातल्या नळ्यांना. आणि 110 मिमीच्या सरळ पाइपाचं तोंड तळापासून सेंटिमीटरभर वर, तो थेट मोरीत. रिमझिमीतही नळ्या वाहतील, धो-धो पावसात जास्तीचं पाणी मोठ्या पाइपाने जाईल. पानांनी बारीक भोक तुंबलं तरी नुकसान नाही.

नळ्या भिंतीपासून 40 मिमी सुट्या ठेवा, मागे वारा खेळला पाहिजे. क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचेच. जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, गंजले की रंगावर तांबडे ओघळ उतरतात. भोक विटेत किंवा दगडात पाडा, मातीच्या दर्जेत, म्हणजे विटा-दगडांमधल्या सांध्यात, स्क्रू धरत नाही.

आता रंग. चुन्याच्या गिलाव्यावर प्लॅस्टिक पेंट देऊ नका, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. आतली ओल कोंडते आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटतात. सिमेंटचा गिलावाही नको. खालच्या तीन फुटांत नखाने ओरखडून बघा: पांढरी, खारट भुकटी निघाली तर लोणा आहे. तिथे चित्र काढूच नका, साधा चुना ठेवा.

वर दुधाइतक्या पातळ चुन्याचे चार-पाच हात, भिंत आधी ओली करून, रोज एकच. गेरू, पिवळी माती, अल्ट्रामरीन निळा चुन्यात टिकतात. प्रशियन ब्लू मरतो. दहा किलो चुन्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त रंग घातला तर हाताला लागतो. ओला रंग वाळल्यावर बराच फिका होतो, तेव्हा दोन बाय दोन फुटांचा नमुना करून आठवडाभर बघा.

काम दिवाळीनंतर काढा. एप्रिल-मेच्या उन्हात चुना धरायच्या आत सुकतो. आणि आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून चौकातल्या पश्चिमेला तोंड असलेल्या भिंतीवर बारीक चित्रकाम नको. नळ्या तिथे लावा.