आधी डॉक्टर गाठा, करिअरचं नंतर बघू

नमस्कार. तुमचा प्रश्न असा की मुलगा १७ चा आहे, रग्बीत हुकर (स्क्रमच्या पुढच्या रांगेत मधला) खेळतो, वेल्सचा खेळाडू आणि सर्जन जेपीआर विल्यम्ससारखं आधी देशाकडून खेळून मग डॉक्टर व्हायचं तर प्लॅनिंग काय करायचं. सांगते, पण पत्रात मधेच तुम्ही जे लिहून गेलात तिथेच मी अडकले. गेल्या मॅचमध्ये त्याचं डोकं आपटलं, स्कोअर किती ते सांगता येईना, तरी तुम्ही बाहेरून ओरडलात की मैदान सोडायचं नाही आणि तो शेवटपर्यंत खेळला. हे चक्क कौतुकाने लिहिलंय! आता डोकं दुखतं, वाचताना लक्ष लागत नाही म्हणतो, तर तुमच्या मते ती नाटकं.

अहो नाटकं कसली, ही कन्कशनची, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला झालेल्या इजेची, लक्षणं असू शकतात. नुसती शंका आली तरी मुलाला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत उतरवायचं नाही, हा साधा नियम आहे. जेपीआर १९७८ ला ऑल ब्लॅक्सविरुद्ध, म्हणजे न्यूझीलंडच्या टीमविरुद्ध, टाके घालून परत आला होता ना, असं तुम्ही विचारता. आला होता, पण जखम गालाला होती आणि टाके घालणारे त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते, तुम्ही नाही आहात. स्टीव्ह थॉम्पसनही हुकरच, इंग्लंडकडून २००३ चा वर्ल्ड कप जिंकला आणि बेचाळिशीत त्याने डिमेन्शिया झाल्याचं जाहीर केलं, तो कप जिंकल्याचंच आठवत नाही म्हणतो.

आणि देशाकडून खेळला की लाइफ सेट, हे डोक्यातून काढा. जेपीआर वेल्सकडून ५५ टेस्ट (आंतरराष्ट्रीय मॅच) खेळला, पण १९९५ पर्यंत रग्बी युनियनमध्ये, म्हणजे १५ जणांच्या रग्बीत, खेळायचे पैसे घ्यायलाच बंदी होती, त्यामुळे पोट भरलं ते हाडांच्या सर्जरीवर. 'आधी खेळ, मग डॉक्टर' असंही झालं नाही, खेळता खेळताच तो शिकला. पुढे पैसे मिळायला लागल्यावरच्या प्रोफेशनल जमान्यात वेल्सच्याच जेमी रॉबर्ट्सने हे जमवलं, २००५ ला मेडिकलला गेला तो २०१३ ला डॉक्टर झाला, आणि असे फार थोडे.

मेडिकलची एंट्रन्स, फिजिओथेरपी, स्पोर्ट्स सायन्स, सगळे रस्ते उघडे आहेत, एक वर्ष इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. या आठवड्यात त्याला डॉक्टरकडे न्या, तोवर प्रॅक्टिस बंद. डॉक्टर खेळायला हो म्हणाले की मग मला लिहा, आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या, कारण तुमच्या दोन पानांत त्याला काय हवंय ते एकदाही आलेलं नाही.