मूळ रंग आणि मूळ पार्ट ओळखताना

जुनी मोटरसायकल मूळ रूपात आणायला घेतली की आधी रंग काढायला घेऊ नका. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर उतरवून घ्या, फोटो काढा. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा असतील किंवा ओळ वाकडी असेल, तर नंबर नंतर ठोकलेला असू शकतो.

मूळ रंग शोधायचा तो ऊन न लागलेल्या जागी: टाकीच्या बॅजखाली, सीटखाली, टूलबॉक्सच्या आत. तिथे नाण्याएवढी जागा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायचा पॉलिश पेपर) ओलं करून घासा, मग ८००, शेवटी १५००. थर वलयांसारखे उघडतात. प्रायमरला लागून असलेला रंग बहुधा मूळचा. बहुधा यासाठी, की पत्रा आधीच कुणी सोलून रंगवला असेल तर तोही थर नंतरचाच. म्हणून टाकी, मडगार्ड, टूलबॉक्स तिन्हीकडे पाहा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, मास्क लावा.

पार्टसाठी त्याच वर्षाचं स्पेअर पार्ट्स बुक मिळवा. कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, उठून दिसणारा नंबर ओतकामाचा असतो, पार्ट नंबर नव्हे. इथे नवखे हमखास फसतात. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या मॅग्नेटो-डायनॅमोवर (ठिणगी आणि वीज तयार करणारे भाग) बहुतेक वेळा महिना-वर्ष ठोकलेलं असतं. ते गाडी बनल्याच्या थोडं आधीचं हवं, नंतरचं असेल तर पार्ट बदललेला आहे.

बोल्टही जपा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याच ठिकाणी इंचाला २६ आटे असतात. मेट्रिक (मिलिमीटरच्या मापाचा) बोल्ट दाबून बसवला की केसिंगचे आटे गेलेच.