वाचकांचे प्रश्न: जंतुरोधक डबा आणि लोणचं

प्रश्न: आमच्या लहान कारखान्यात पॉलिप्रॉपिलीनचे लोणच्याचे डबे बनतात. त्यात चांदीयुक्त मास्टरबॅच (प्लास्टिकमध्ये मिसळायचे घट्ट मिश्रणाचे दाणे) २ टक्के घालतो. पुरवठादाराने आयएसओ २२१९६ (प्लास्टिकच्या पृष्ठभागाची जंतुरोधक चाचणी) चा ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ असा अहवाल दिलाय. डबा सुरक्षित आहे म्हणायला एवढा पुरे का?

उत्तर: नाही. तो अहवाल जंतूंचं काय झालं ते सांगतो, लोणचं खाणाऱ्याचं नाही. त्यात ५० मिमी चौरस तुकड्यावर ०.४ मिलि जंतुद्रव टाकून वर पातळ फिल्म ठेवतात. ३५ अंश सेल्सियसला, दमट पेटीत २४ तासांनी जिवंत जंतू मोजतात. चांदीचे आयन पृष्ठभागावर येतात म्हणून जंतू मरतात, आणि तेच आयन लोणच्यातही उतरतात. किती उतरतात, ते स्थलांतर चाचणीतच कळतं; तिच्यात डब्यात अन्नासारखं द्रव ठेवून त्यात काय उतरलं ते मोजतात.

इथे बरेच जण आयएस ९८४५ चा (एकूण स्थलांतराच्या भारतीय मानकाचा) अहवाल आणून निश्चिंत होतात. त्यात ते द्रव आटवून मागे उरलेल्या सगळ्याचं एकत्र वजन करतात; मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम. चांदीसाठी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मानलेली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे बाराशे पट कमी. तराजूला ती दिसणारच नाही. तेव्हा प्रयोगशाळेकडे ‘चांदीचं विशिष्ट स्थलांतर, आयसीपी-एमएसवर’ (म्हणजे एकट्या चांदीचं, अतिसूक्ष्म धातू मोजणाऱ्या यंत्रावर) असं स्पष्ट लिहून मागा.

लोणचं आंबट, म्हणून डब्यात ३ टक्के ॲसेटिक आम्ल भरून ४० अंशांवर १० दिवस ठेवायचं. नुसत्या पाण्यात चांदी कमी उतरते. पाण्याचा अहवाल दाखवून कोणी समजूत घालत असेल तर ऐकू नका. डबा पुन्हापुन्हा वापरायचा असल्याने तोच डबा ताजं द्रव भरून एकूण तीनदा तपासून घ्या. कापलेले तुकडे बुडवले तर उघड्या कडांतूनही चांदी सुटते आणि आकडा फुगतो, म्हणून अख्खा डबाच भरलेला बरा. उलट चूकही होते: नमुना टिकवायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं तर चांदी क्लोराइड होऊन तळाशी बसते आणि अहवाल फसवा ‘स्वच्छ’ येतो. नायट्रिक आम्लच हवं. जोडीला त्याच साच्यातला, त्याच ग्रेडचा, पण मास्टरबॅच न घातलेला डबा द्या. तुलनेला तो लागतोच.

प्रश्न: नव्या जंतुरोधक रसायनाची एम्स चाचणी पुरेशी नाही, असं प्रयोगशाळा म्हणते. का?

उत्तर: बरोबर म्हणते. (दिल्लीच्या एम्सशी संबंध नाही, हे ब्रूस एम्स यांचं नाव.) रसायनामुळे जनुकीय बदल होतात का, हे त्यात साल्मोनेला जंतूंच्या, जनुकीय बदल झाल्यावरच वाढणाऱ्या, वसाहती मोजून ठरवतात. तुमचं रसायन मुळात जंतूच मारतं, मग वसाहती वाढणार कुठून? थाळी रिकामी दिसली म्हणून रसायन निर्दोष ठरत नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, या चाचणीवरील ४७१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेतही ही अडचण नोंदलेली आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशींवरची चाचणी जोडा.

प्रश्न: जंतुरोधक चॉपिंग बोर्ड रोज धुवावा लागतो का?

उत्तर: हो, साबणाने घासून. चाचणीतला तुकडा स्वच्छ असतो आणि २४ तास ओला राहतो. तुमच्या बोर्डावर चिकनचा तेलकट थर बसतो, सुरीच्या चरांत रस मुरतो. त्याखालच्या चांदीचा जंतूंशी संबंधच येत नाही.