माशांच्या छोट्या टाकीसाठी पंप किती ताकदीचा घ्यावा?

आधी टाकीत खरं पाणी किती बसतं ते काढा. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि 1000 ने भागा. 45×30×30 ची टाकी म्हणजे साधारण 40 लिटर. पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की 33-34 लिटरच उरतं. तासाला त्याच्या 4 ते 6 पट पाणी फिरलं की गप्पी, टेट्रासारख्या माशांना पुरतं. म्हणजे ताशी 140 ते 200 लिटर.

आता पंपाच्या खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. तो पाणी अजिबात वर न चढवता मोजलेला असतो. पाणी जितकं वर चढवाल तितका प्रवाह घटतो, पाणी गाळणारा स्पंज तुंबला की आणखी. म्हणून ताशी 250-300 लिटरचा, प्रवाह कमी-जास्त करता येणारा पंप घ्या. खात्री हवी असेल तर नळीचं तोंड नेहमीच्या उंचीवर धरून एक लिटरचं भांडं भरा. 15 सेकंदांत भरलं तर ताशी 240 लिटर.

जोर जास्त झाला की मासे कोपऱ्यात दडतात, खाणं तोंडाशी येण्याआधीच वाहून जातं. फायटर माशाचे लांब पर तर प्रवाहात ओढले जातात, बिचारा दमून पानाआड पडून राहतो. त्याला 2-3 पटच पुरे. जोर कमी करायचा तर बाहेर पडणारं पाणी काचेकडे वळवा किंवा भोकांची आडवी नळी लावा. पाणी ओढणारी बाजू मात्र कधीच दाबू नका, पंप तापतो.

प्रवाह मंदावला की लगेच नवा पंप आणू नका. आधी स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळा, प्लग काढून पंपातला पंखा बाहेर घ्या आणि त्यावरचा बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने घासा.