वाचकांचे प्रश्न : जांभा, चुना आणि वेदी

कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या चर्चविषयी आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या गावातले चर्च जांभ्या चिऱ्यांचे आहे. आठ वर्षांपूर्वी जुना चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा केला आणि वर प्लास्टिक पेंट लावला. आता आतून जमिनीपासून कमरेपर्यंत पोपडे सुटतात, पांढरी भुकटी पडते. ठेकेदार म्हणतो, वॉटरप्रूफ कोट द्या. द्यावा का? (वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : देऊ नका. दुखणे त्याने वाढेल.

जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पावसात पाणी पितो आणि ऊन पडले की सोडतो. चुन्याचा गिलावा ही ये-जा अडवत नाही, म्हणून भिंत दरवर्षी भिजूनही दरवर्षी सुकते. सिमेंट आणि प्लास्टिक पेंट मात्र बाहेरची वाट बंद करतात. जमिनीतून चढलेले आणि बारीक भेगांतून शिरलेले पाणी मग आतल्या बाजूने वाट काढते. जाताना ते विरघळलेले क्षार सोबत नेते आणि पाणी उडाले की क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत फुगतात. तुमची पांढरी भुकटी म्हणजे हाच लोणा. बाहेरून गिलावा धडधाकट दिसतो आणि त्यामागे चिरा भुसभुशीत होत राहतो. म्हणून आधी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तिथे गिलाव्याने चिरा सोडला आहे.

पहिले काम भिंतीचे नाही, जमिनीचे आहे. बाहेरचे अंगण वर्षानुवर्षे भराव टाकून उंचावले असेल, तर भिंतीलगतची माती खाली घ्या. ती आतल्या फरशीपेक्षा किमान वीतभर खाली हवी. जोत्याला चिकटून केलेली सिमेंटची पट्टी फोडा, कारण तिच्याखाली अडलेले पाणी भिंतीतूनच वर चढते. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी उडत असेल, तर पन्हळ बसवा आणि पाणी दूर न्या. यानेच निम्मे दुखणे जाते, आणि नेमके हेच सगळ्यांत शेवटी सुचते.

मग सिमेंट काढा. छिन्नी-हातोडीने, हलक्या हाताने आणि खालून वर. ब्रेकर लावला तर चिऱ्याचा पृष्ठभागही सिमेंटबरोबर निघून येतो. त्यानंतर भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवा. वर येणारा लोणा कोरड्या, मऊ ब्रशने झाडून गोळा करा आणि आवाराबाहेर टाका. पाण्याने धुतलात तर तोच क्षार पुन्हा आत जाईल.

नव्या गिलाव्यासाठी कळीचा चुना पाण्यात विरवून किमान महिनाभर पाण्याखालीच ठेवा. जितका जास्त मुरेल तितका चांगला. घाईने विरवलेल्या चुन्यात न विरलेले खडे राहतात. ते गिलाव्यात गेल्यावर पाणी ओढून फुगतात आणि पृष्ठभागावर फोड उठवतात. प्रमाण एक भाग चुना, तीन भाग वाळू. जोत्याजवळ सतत ओल असते, तिथे एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू घ्या. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. वाळू नदीची, करकरीत आणि गोड्या पाण्याने धुतलेली हवी. समुद्राची वाळू वापरली तर लोणा स्वतःच्या हाताने भिंतीत भरल्यासारखे होईल. जुने गवंडी चुन्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत. ती रीत चांगली आहे, पण त्याने कच्चा चुना पक्का होत नाही.

भिंत आधी भिजवून घ्या. पहिला थर सुमारे १२ मिलिमीटर, तो घट्ट झाल्यावर दुसरा ८ ते १०, आणि शेवटचा बारीक वाळूचा २ ते ३. एकाच दमात जाड थर दिला तर तो स्वतःच्या वजनाने तडकतो. प्रत्येक थर ओल्या गोणपाटाआड ठेवा आणि आठवडाभर पाणी शिंपडत राहा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. चटका लागून सुकला तर तो नुसती भुकटी राहतो. म्हणून काम पाऊस गेल्यावर सुरू करा आणि फेब्रुवारीपर्यंत आटोपा. पहिल्या सरीआधी गिलाव्याला दोन-तीन महिने मिळालेच पाहिजेत. वर रंग नको. दुधासारख्या पातळ चुन्याचे तीन-चार हात द्या, आणि नाताळाआधी चुना लावायची जुनी रीत परत सुरू करा.

प्रश्न : वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये उभे राहिले की नुसत्या भिंती दिसतात. कुठे काय होते हे कसे ओळखावे? (वाचक, नालासोपारा)

उत्तर : दर्शनी दारातून आत या आणि लगेच मागे वळून वर पाहा. दाराच्या वर भिंतीत चौकोनी खोबणींची रांग दिसली, तर तिथे लाकडी तुळया बसवून गायकांची माडी केलेली होती. बाजूच्या भिंतींच्या माथ्यावरच्या खोबणी छपराच्या. मुख्य दालनावर लाकूड आणि कौले असत, वेदीच्या जागेवर बहुधा दगडी कमानीचे छत. लाकूड गेले, दगड राहिला. म्हणून आज दालन आभाळाखाली आहे आणि वेदीकडची बाजू कुठे कुठे अजून झाकलेली आहे. या दोहोंमधली मोठी कमान हीच गावकऱ्यांची जागा आणि धर्मगुरूंची जागा यांमधली सीमा. वेदीच्या बाजूचे लहान दार वस्त्रे आणि पात्रे ठेवायच्या खोलीचे.

दर्शनी भागावर ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरे दिसली तर ते बहुधा जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे चर्च. फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाच्या चर्चमध्ये मात्र खाली बघत चाला, कारण जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर खडू किंवा पीठ चोळू नका. संध्याकाळी बॅटरी जमिनीलगत आडवी धरली की झिजलेली अक्षरेही सावलीने उठून दिसतात.

प्रश्न : ही चर्च मध्ययुगीन म्हणावीत का? युरोपातली मध्ययुगीन गावचर्चही अशीच असतात का? (वाचक, अलिबाग)

उत्तर : आपल्या इतिहासलेखनात सोळावे-सतरावे शतक मध्ययुगात धरतात, युरोपात मध्ययुग साधारण १५०० च्या सुमारास संपते. वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ मध्ये. त्यामुळे युरोपच्या हिशेबाने आपली चर्च मध्ययुगानंतरची आहेत.

फरक आराखड्यातही दिसतो. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन गावचर्चमध्ये वेदी पूर्वेला असते. स्नानसंस्काराचे दगडी कुंड पश्चिमेकडे, दाराजवळ असते, कारण धर्मात प्रवेश तिथूनच होतो. वेदीकक्षाची डागडुजी धर्मगुरूंच्या माथी आणि मुख्य दालनाची गावकऱ्यांच्या, अशी वाटणी होती. त्यामुळे लोकरीच्या व्यापारात पैसा आला की गावकरी दालन उंच करीत, जुन्या बाहेरच्या भिंतीत कमानी फोडून बाजूला नवे अरुंद दालन जोडीत, आणि वेदीकक्ष मात्र जुना, बुटका राही. अशा इमारतीत वय मोजायला कमान पाहतात. अर्धगोल कमान साधारण बाराव्या शतकापर्यंतची, टोकदार त्यानंतरची. दालन आणि वेदी यांच्यामध्ये कोरीव लाकडी जाळी असे. त्या जाळीमागचा विधी लोकांना अर्धवटच दिसे.

कॅथलिक चर्चच्या सुधारणेसाठी ट्रेंटची धर्मसभा (१५४५ ते १५६३) झाली आणि कॅथलिक चर्चमधून ही आडकाठी हळूहळू गेली. एकच रुंद दालन आणि सगळ्यांना दिसणारी वेदी ही नवी रीत रुजली. वसईच्या परिसरातल्या जुन्या धर्मग्रामांची चर्च याच रीतीची आहेत. कुठल्याही जुन्या चर्चमध्ये शिरलात की आधी एवढेच पाहा : शेवटच्या बाकावरच्या माणसाला वेदी दिसते का?

प्रश्न : आमच्या गावच्या देवळातली घंटा वसईच्या चर्चमधली आहे असे म्हातारी माणसे सांगतात. खात्री कशी करावी? (वाचक, चिपळूण)

उत्तर : असे होणे शक्य आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या घंटा विजयचिन्हे म्हणून देवळांना दिल्या गेल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१.

आपल्या घंटेवर क्रूस, मरियेची आकृती, रोमन अक्षरे किंवा साल ओतीव उठावात आहे का पाहा. माथ्यावर एकाऐवजी अनेक जाड कड्या असतील, तर ती लाकडी तुळईला आवळण्यासाठी ओतली असावी. उठाव झिजलेला असेल तर चिंच-राखेने घासू नका, कारण आणखी दोन-चार वर्षे घासले तर साल वाचता येणार नाही. कोरड्या सुती फडक्याने पुसा, बाजूने उजेड टाकून चारही अंगांनी फोटो घ्या, घेर आणि उंची मोजून देवस्थानच्या वहीत नोंदवा.