नातेवाईक नसलेल्या वॉर्डात पेशंट सांभाळताना

तुमचे पत्र थोडक्यात असे आहे : सांगलीतील एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत सहा वर्षे काढली, ओईटी ही इंग्रजीची आणि सीबीटी ही नर्सिंगच्या नोंदणीसाठीची संगणकावरची, अशा दोन्ही परीक्षा झाल्या, इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डासाठी निवडही झाली; पण मुलाखतीत व्हेंटिलेटरबद्दल एक अक्षर न विचारता ‘पेशंट पडू नये म्हणून तुम्ही काय कराल’ हेच फिरवून फिरवून विचारले. यात एवढे काय आहे आणि येण्यापूर्वी नेमके काय शिकावे, असा तुमचा प्रश्न आहे. मी मिरजेत जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, आठ वर्षे तिकडे नोकरी केली आणि आता सात वर्षे इकडच्या वॉर्डांत आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आपल्या वॉर्डात रात्री कॉटखाली चटई टाकून झोपलेली सून आठवा. सासऱ्यांना लघवीला नेणे, कुशीवर वळवणे, भात कालवून भरवणे, सलाईन संपत आले की ‘सिस्टर’ अशी हाक मारणे, हे सगळे ती करते. तिच्या जिवावर आपण चाळीस-चाळीस पेशंटांचा वॉर्ड एकटीने रेटतो आणि त्याला नर्सिंग म्हणतो. इथे भेटीची वेळ संपली की नातेवाईक घरी जातात, आणि त्या सुनेचे सगळे काम तुमच्या नोकरीत येते. मुलाखत घेणारे ते विचारत होते. तुमच्या आयसीयूच्या अनुभवाचा त्यांना उपयोग आहेच, पण तो येथे आल्यावर निघेल.

माझ्याच चुकीची गोष्ट सांगते. येथे येऊन चौथा महिना असेल. रात्रपाळीत ऐंशी पार केलेले एक आजोबा सारखे उठून बसत होते, म्हणून मिरजेच्या सवयीने मी त्यांच्या कॉटचे दोन्ही कठडे वर केले आणि निर्धास्त झाले. पहाटे तीनच्या सुमाराला ते कठड्यावरून पाय टाकून उतरायला गेले आणि खाली पडले. मी धावत जाऊन त्यांच्या काखेत हात घालणार, तोच हेल्थकेअर असिस्टंटने, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसाने, मला थांबवले. पडलेल्या माणसाला आधी जागेवरच तपासायचे असते : डोके आपटले का, मान दुखते का, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. पाठीचा किंवा खुब्याचा संशय असेल तर आडवेच ठेवून खास साधनाने उचलायचे. डॉक्टरांनी तपासले, मनगटाचे हाड मोडलेले निघाले. डोक्याला मार लागल्याची शंका असल्यामुळे दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाने आणि मग दर दोन तासांनी शुद्धी, डोळ्यांच्या बाहुल्या, हातापायांची ताकद तपासून लिहायची होती. ते मी करत होते आणि मनात एकच विचार होता, सकाळी मेमो मिळणार.

मेमो मिळाला नाही. इन्चार्ज सिस्टरने समोर बसवून विचारले, त्यांना शेवटचे लघवीला कधी नेले होते? चालायचा वॉकर कुठे होता? चष्मा कुठे होता? वॉकर खिडकीपाशी होता, चष्मा बंद कपाटात होता आणि लघवीला नेल्याची नोंद रात्री अकराची होती. ते आजोबा ‘सारखे उठून बसत’ नव्हते, त्यांना लघवीला जायचे होते. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढला तर तो जास्त उंचीवरून पडतो, शिवाय गजांत अडकण्याचा धोका असतोच. म्हणून इथे कठडा लावण्यापूर्वीही स्वतंत्र मूल्यमापन लिहावे लागते. ज्या माणसाला कठड्याचा त्रासच होणार, त्याच्यासाठी जमिनीलगत जाणारी कॉट, न घसरणारे मोजे, हाताशी कॉल बेल, आणि ठरावीक वेळाने आपण होऊन ‘जायचे आहे का’ असे विचारणे, एवढे साधे उपाय असतात. ‘नाइस’ या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने २०१३ पासूनच सांगितले आहे की पासष्ट वर्षांवरील प्रत्येक दाखल पेशंट पडू शकतो असे धरूनच चालावे. त्यासाठी पाच मिनिटे झोपवून एकदा, उभे राहिल्यावर पहिल्या मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला असा रक्तदाब घेतात. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर चक्कर येण्याचे कारण तिथेच सापडते.

त्या सकाळी मला आजोबांच्या मुलीला फोन करून जे झाले ते सांगायचे होते आणि माफी मागायची होती. माझ्या तोंडाला कोरड पडली होती. मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयांतील हेळसांडीचा चौकशी अहवाल २०१३ मध्ये आल्यानंतर इथे २०१४ पासून ही कायदेशीर जबाबदारी झाली आहे : उपचारांदरम्यान मोठी इजा झाली तर पेशंटला किंवा घरच्यांना खरे सांगायचे, तोंडी माफी मागायची आणि मग लेखीही कळवायचे. माफी मागणे म्हणजे गुन्ह्याची कबुली, हा आपला समज इथे सोडावा लागतो. ती मुलगी रागावली, मग रडली, आणि शेवटी फोन केल्याबद्दल तिने आभार मानले. संगणकावर घटनेचा अहवाल मीच भरला. त्याला सगळे ‘डेटिक्स भरणे’ म्हणतात, आणि इजा होता होता टळली तरी तो भरतात. उगाच गोड चित्र रंगवत नाही. डेटिक्सची धमकी देणारे सहकारीही इथे भेटतील. पण झाकलेली चूक उघडी पडली तर नोंदणी धोक्यात येते, सांगितलेल्या चुकीने सहसा येत नाही.

आता न्यूज-टूकडे, म्हणजे पेशंटची तब्येत बिघडते आहे का हे गुणांनी दाखवणाऱ्या तक्त्याकडे वळते, कारण परीक्षेत आणि वॉर्डात दोन्हीकडे तुमची गाठ त्याच्याशी पडणार आहे. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या या तक्त्यात श्वसन, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि ताप यांना गुण देतात. समजा, एका आजींचे श्वसन २२, ऑक्सिजन साध्या हवेवर ९४, वरचा रक्तदाब १०८, नाडी ११२, ताप ३८.३ आणि त्या पूर्ण शुद्धीवर गप्पा मारत आहेत. यातला एकही आकडा पाहून आपण तिकडे डॉक्टरांना झोपेतून उठवले नसते. गुण मात्र २, १, १, २ आणि १, म्हणजे एकूण ७ होतात, आणि ७ ला तातडीच्या पथकाला बोलावायचे असते. ५ झाले तरी डॉक्टरांना लगेच कळवावे लागते, आणि नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला एकट्यालाच ३ गुण आहेत. हा सगळा डोलारा श्वसनाच्या आकड्यावर उभा आहे, आणि आपण तिकडे काय करतो? न मोजताच सगळ्या वॉर्डाचे श्वसन २० लिहितो. मीही वर्षानुवर्षे तेच लिहिले. आजपासून पूर्ण एक मिनिट मोजायला लागा. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारात ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांच्यासाठी ऑक्सिजनचे लक्ष्य सामान्यतः ८८ ते ९२ असते आणि त्यांचा तक्त्यातला रकाना वेगळा असतो, हेही पाठ करा.

हा तक्ता सोळा वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना लागू नाही, त्यांचे वेगळे आहेत. तुमची नोंदणी प्रौढांची परिचारिका म्हणून होईल, कारण इथे मुलांचे नर्सिंग ही स्वतंत्र शाखा आहे. तरी वय बदलले की धोका कसा बदलतो हे मला माझ्या बाळंतपणात कळले. बाळाच्या दोन्ही घोट्यांना जन्मल्याबरोबर ओळखीच्या पट्ट्या बांधल्या आणि प्रत्येक वेळी मिडवाइफने त्या माझ्या पट्टीशी ताडून पाहिल्या. मी दूध पाजता पाजता पेंगत होते, तेव्हा तिने बाळ हळूच उचलून पाळण्यात ठेवले. आईने मिरजेहून हौसेने मोहरीची उशी आणि मऊ गोधडी आणली होती. दोन्ही कपाटात गेल्या आणि आई आठवडाभर रुसली. इथे बाळाला पाठीवर, मोकळ्या अंथरुणात, उशीशिवाय झोपवतात. १९९१ मध्ये ही मोहीम सुरू झाल्यानंतर पाळण्यातील अचानक मृत्यू झपाट्याने घटले, हे नर्स असून मलाच आईला पटवता आले नाही. मुलांच्या वॉर्डात औषध किलोतील वजनावर ठरते आणि तिथे चुकलेला दशांश चिन्हाचा ठिपका दहापट डोस देतो. इथले पॅरासिटामॉलचे एक सिरप पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचे आहे, आपल्याकडे ते अनेकदा १२५ चे असते. हाताच्या सवयीने देऊ नका. तोंडावाटे द्यायच्या औषधाची सिरिंज जांभळी असते आणि ती शिरेतल्या कॅन्युलाला बसतच नाही. अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर वळ दिसला तर ‘घरचा मामला’ म्हणून गप्प बसता येत नाही, त्याच पाळीत सेफगार्डिंगला, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या पथकाला, कळवावे लागते. हे प्रौढांच्या नर्सलाही चुकत नाही.

बेडसोअरच्या बाबतीत तुम्ही इकडच्यांपेक्षा एक पाऊल पुढे असाल. दाखल झाल्यापासून सहा तासांच्या आत धोक्याचे मूल्यमापन करायचे असते, बहुतेक ठिकाणी १९८५ पासून चालत आलेला वॉटरलो तक्ता किंवा त्याहून नवा एखादा वापरतात, आणि जास्त धोक्याच्या पेशंटला किमान चार तासांनी तरी वळवायचे असते. आपण दोन तास शिकलो, ती सवय ठेवायला हरकत नाही. पण पुस्तकात पहिली खूण ‘लाली’ अशी दिली आहे, आणि सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे गरमपणा, कडकपणा, जांभळट झाक, शेजारच्या कातडीपेक्षा वेगळा स्पर्श पाहावा लागतो. बोटाला लावलेले ऑक्सिजनचे यंत्रही गडद कातडीवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते. माझ्या गोऱ्या सहकारी हे प्रशिक्षणात शिकतात, आपण हातांनी शिकलो आहोत. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना, ते आवर्जून बोला.

आयसीयूची एक सवय मात्र विमानतळावरच सोडा. नळी ओढतो म्हणून पेशंटचे हात बँडेजने कॉटला बांधणे इथे चालत नाही. २००५ च्या मेंटल कपॅसिटी कायद्याप्रमाणे त्या माणसाला तो निर्णय समजतो का हे आधी तपासावे लागते आणि सर्वांत कमी अडवणुकीचा उपाय निवडून त्याचे कारण लिहावे लागते. माणूस स्वतः उचलायचा नाही, होइस्ट (उचलण्याचे यंत्र) किंवा स्लाइड शीट (सरकवायची घसरती चादर) वापरायची. सुईला टोपण परत लावायचे नाही. आंघोळीचे पाणी ४४ अंशांच्या वर नको. गिळायला त्रास असलेल्यांचे पातळ पदार्थ दाट करायची पावडर कुलपात ठेवायची, कारण ती कोरडीच तोंडात गेल्याने जीव गेलेला आहे.

तयारीचे म्हणाल तर वेगळे पुस्तक घेऊ नका. ‘बेड नंबर बारा’ म्हणणे आजच बंद करा आणि प्रत्येक औषधापूर्वी पेशंटच्याच तोंडून पूर्ण नाव व जन्मतारीख वदवून घ्या. गावाकडच्या आजींना तारीख सांगता येणार नाही, मग केसपेपर आणि पट्टी पाहा, पण सवय मोडू नका. ओस्कीत, म्हणजे नोंदणीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, ओळख आणि अ‍ॅलर्जी न विचारता औषध देणाऱ्या अनेक अनुभवी नर्सेस नापास होतात. इन्सुलिनपुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा, नुसता ‘यू’ शून्यासारखा वाचला जातो. वॉर्डाचे इंग्रजीही कानावर पडू द्या : आजींनी ‘आय फील अ बिट फनी’ म्हटले तर त्यांना गंमत वाटत नसून बरे वाटत नसते किंवा चक्कर येत असते; मी पहिल्यांदा ऐकून हसले होते. रुग्णालयाला ईमेल करून दिवसा आणि रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात आणि पहिले किती आठवडे तुम्हाला स्वतंत्र पेशंट देणार नाहीत, हे लेखी विचारा. दिवसपाळीत आठांपेक्षा जास्त पेशंट झाले की इजेचा धोका वाढतो, असे ‘नाइस’नेच २०१४ मध्ये म्हटले आहे, तेव्हा विचारायला संकोच नको.

बांगड्यांबद्दल विचारले होते, त्याचे उत्तर राहिले. कोपराखाली काहीही चालत नाही, बांगड्या नाहीत आणि मनगटी घड्याळही नाही. साधी लग्नाची अंगठी चालते. गणवेशाला टाचायचे, सेकंद काटा असलेले घड्याळ मात्र तिकडूनच दोन आणा. इथे एक हरवेल, आणि श्वास मोजायला दुसरे लागेल.